दहा हजार दिवसांचा हिशेब

२ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूर संस्थानची अधिकारसूत्रे विसाव्या वर्षात असलेल्या एका तरुणाच्या हाती आली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या वयाची ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या दोन तारखांमधले दिवस मोजले तर ते दहा हजारांच्या थोडे वर भरतात. एखादा शिक्षक किंवा कारकून नोकरीस लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत जेवढी वर्षे शाळेच्या वा कचेरीच्या पायऱ्या चढतो, त्यापेक्षा हा काळ काहीसा कमीच आहे. त्यातही प्लेगची आणि दुष्काळाची वर्षे आली, महायुद्ध आले, घरातले मृत्यू आले. शिवाय हे राज्य पूर्णपणे स्वतंत्र नव्हते. ब्रिटिश अधिकाऱ्याची नजर प्रत्येक मोठ्या निर्णयावर असे. असे असूनही या दहा हजार दिवसांत राजर्षी शाहू छत्रपतींनी जे उभे केले, त्याची फळे महाराष्ट्र शंभर वर्षांनंतरही चाखीत आहे.

वेळ पुरत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. वेळेचा सदुपयोग कसा करावा, मन एकाग्र कसे ठेवावे, यावर उपदेश करणारी पुस्तके बाजारात विपुल मिळतात. पहाटे उठावे, कामांची यादी करावी, आळस टाकावा, हा त्या उपदेशाचा सर्वसाधारण सारांश असतो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. यादीत काय लिहावे आणि काय लिहू नये, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर घड्याळ देऊ शकत नाही. शाहू महाराजांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले तर वेळेविषयीचा एक निराळाच विचार हाती लागतो. स्वतःचा वेळ त्यांनी कसा वापरला, हा त्याचा अर्धा भाग आहे. इतरांचा वेळ त्यांनी कसा मोकळा केला, हा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे.

दहा वर्षांची तयारी

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. तीन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांच्या मातोश्री राधाबाई निवर्तल्या. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली असतानाच दुर्दैवी रीतीने मरण पावले. त्यांच्या राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे शाहू असे नाव ठेवले. नऊ वर्षांचे हे मूल एका दिवसात छत्रपती झाले. मात्र प्रत्यक्ष अधिकार मिळण्यास आणखी दहा वर्षे जावी लागली. दोन वर्षांनी जनक वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हेही गेले.

ही दहा वर्षे अनेक संस्थानिकांच्या मुलांनी थाटामाटात वाया घालविली असती. शाहू महाराजांची ती राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाडात फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली गेली. इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यकारभार यांबरोबरच देशाटन हा त्या शिक्षणाचा मोठा भाग होता. पुस्तकी अभ्यासात ते असामान्य होते असे नव्हे. माणसे आणि प्रदेश पाहून शिकण्याची त्यांची शक्ती मात्र विलक्षण होती. अधिकार हाती येण्यापूर्वी पाहण्याचा आणि ऐकण्याचा हा दीर्घ काळ त्यांना लाभला, आणि गादीवर आल्यावरही त्यांनी लगेच मोठ्या सुधारणांचा धडाका लावला नाही. आरंभीची वर्षे त्यांनी संस्थानभर फिरून, लोकांना भेटून आणि आपल्याच कचेऱ्यांचा कारभार न्याहाळण्यात घालविली. उतावीळ मनाला ही वर्षे निष्फळ वाटली असती. पुढच्या वीस वर्षांत त्यांना एकदाही दिशा बदलावी लागली नाही, याचे कारण या वर्षांत आहे.

एकच गाठ

त्या न्याहाळण्यातून त्यांना जे दिसले ते आकड्यांत सांगता येते. १८९४ साली संस्थानच्या प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे एकट्या ब्राह्मण समाजाकडे होती. संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची होती. तिच्यातून अकरा माणसे त्या पदांपर्यंत पोहोचली होती. याचे कारण उघड होते. शिक्षणाची परंपरा एका वर्गात होती, बाकीच्यांत नव्हती. खेड्यातील मुलाला शहरात येऊन शिकायचे झाले तर राहायला जागा नव्हती आणि दोन वेळच्या जेवणाची सोय नव्हती.

राज्यकर्त्यासमोर एकाच वेळी शंभर प्रश्न असतात. रस्ते, पाणी, साथीचे रोग, शेतसारा, न्याय, सरकारदरबारची देणीघेणी, यांतील प्रत्येक प्रश्न तातडीचा असतो आणि प्रत्येकाचा कैवारी दारात उभा असतो. शाहू महाराजांनी या शंभर प्रश्नांच्या गुंत्यातील एक गाठ शोधून काढली. बहुजन समाज शिकला तर बाकीचे प्रश्न सुटण्याची वाट मोकळी होईल. तो अडाणी राहिला तर कोणतीही सुधारणा वरवरची ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकदा हा निष्कर्ष निघाल्यावर त्यांच्या बहुतेक मोठ्या निर्णयांची दोरी तेथेच बांधलेली दिसते.

१८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. १९०६ मध्ये मुसलमान, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. पुढे ही संख्या विसाच्या घरात गेली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी हे नाव पडले. महाराजांनी जागा दिल्या, कायमची उत्पन्ने लावून दिली, परंतु वसतिगृहांचा रोजचा कारभार शक्यतो त्या त्या समाजातील जाणत्या माणसांकडे सोपविला. जातवार वसतिगृहांनी जातिभेद वाढणार नाही काय, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. त्या परिस्थितीत प्रत्येक समाजाला उठून उभे करण्याचा हाच जलद मार्ग आहे, असे त्यांचे मत होते. या व्यवस्थेचा आणखी एक लाभ असा की, वसतिगृहातील तांदूळ-डाळीचा हिशेब छत्रपतींच्या मेजावर येण्याचे कारण उरले नाही. जबाबदारी वाटून दिली की कर्त्या माणसाचा वेळ वाचतो आणि आणखी चार माणसे कर्ती होतात.

माणसांची पारख हा या पद्धतीचा कणा होता. दिवाण रघुनाथराव सबनीस, भास्करराव जाधव, अण्णासाहेब लठ्ठे अशी बुद्धिमान माणसे त्यांनी निरनिराळ्या जातींतून निवडली आणि त्यांच्यावर कामे टाकली. एकाच माणसाने सर्व कागद पाहावेत, असा त्यांचा आग्रह नव्हता. काम कोणत्या दिशेने जात आहे, यावर मात्र त्यांची नजर असे.

लंडनमधील उन्हाळा

१९०२ च्या उन्हाळ्यात महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. समारंभाचा दिवस २६ जून ठरला होता. ऐनवेळी बादशहावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबणीवर पडला. हिंदुस्थानातून गेलेल्या राजेरजवाड्यांपुढे दीड महिन्याचा रिकामा वेळ उभा राहिला. मेजवान्या, भेटीगाठी आणि प्रेक्षणीय स्थळे यांत तो सहज भरून निघाला असता.

महाराज परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूरच्या सरकारी गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकऱ्यांत त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. हिंदुस्थानच्या आधुनिक इतिहासात आरक्षणाचा आरंभ या कागदापासून मानला जातो. समारंभ लांबला, कोल्हापूरचे काम लांबले नाही.

कचेरीत काम करणाऱ्यांनी या हुकुमातील एक तपशील आवर्जून लक्षात घेण्यासारखा आहे. हुकूम निघाल्यानंतर केलेल्या नेमणुकांचे विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावे, अशी तरतूद त्यात होती. उदात्त हेतूने निघालेले किती तरी ठराव दप्तरात बांधले जातात आणि पुन्हा उघडत नाहीत, याचे कारण ते पार पडले किंवा नाही हे विचारण्याची तारीख कोणी ठरविलेली नसते. शाहू महाराजांनी निर्णयाबरोबरच विचारणेची तारीखही ठरविली. परिणाम दहा वर्षांत दिसला. १९१२ मध्ये ९५ अधिकारपदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ पदे राहिली होती. कोणालाही नोकरीवरून काढून टाकण्यात आले नव्हते. रिकाम्या होणाऱ्या जागा भरण्याचा नियम बदलला होता आणि तो दर तिमाहीस तपासला जात होता.

वाद आणि काम

याच काळात त्यांचे लक्ष उडविण्यास पुरेल असे एक मोठे प्रकरण उभे राहिले होते. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजघराण्यातील धर्मविधी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्रांनी होत असल्याचे उघडकीस आले. छत्रपती हे क्षत्रिय नसून शूद्र आहेत, असा त्याचा अर्थ होता. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला. प्रकरण चिघळले, वृत्तपत्रांतून वाद पेटला, मोठमोठे पुढारी त्यात उतरले, वरिष्ठ सरकारकडे दाद मागण्यात आली. त्याचा शेवट होण्यास १९०५ उजाडले.

स्वाभिमानी माणसाचे आयुष्य अशा एका अपमानाने व्यापून टाकावे, हे अगदी स्वाभाविक आहे. सहा वर्षे चाललेला वाद सहाशे रात्रींची झोप खाऊ शकतो. शाहू महाराज या वादात मागे हटले नाहीत. परंतु मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग आणि निम्म्या जागांचा हुकूम हे सारे याच सहा वर्षांतले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. छत्रपतींचा जर असा अवमान होतो तर खेड्यातील साध्या कुणब्याचे आणि महाराचे काय होत असेल, हा विचार त्यांना सुचला. स्वतःच्या दुःखाचे रूपांतर त्यांनी सर्वांच्या प्रश्नात केले. संतापाला कामाचे वळण लावता आले की तो माणसाचा वेळ खात नाही. उलट त्याला गती देतो.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. इंग्रज सत्तेशी त्यांनी राखलेले सलोख्याचे संबंध राष्ट्रीय चळवळीतील अनेकांना मानवले नाहीत, आणि त्या आक्षेपात तथ्य नव्हतेच, असेही म्हणता येणार नाही. दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढण्याचे सामर्थ्य एका लहान संस्थानच्या राजाजवळ नव्हते. त्यांनी सामाजिक विषमतेची आघाडी निवडली आणि दुसरी सोडली. एकाग्रतेची किंमत अशीच मोजावी लागते. सर्व काही साधू पाहणाऱ्याला ती मोजावी लागत नाही. मात्र त्याच्या हाती बहुधा काही लागतही नाही.

तालीम, शिकार आणि चहाचे दुकान

याचा अर्थ महाराजांचे आयुष्य रूक्ष होते, असा मुळीच नाही. कुस्तीचे त्यांना वेड होते. १९१२ मध्ये बांधून पुरे झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष आहे. गाण्यावर आणि नाटकावर त्यांचे प्रेम होते. उस्ताद अल्लादिया खाँ त्यांच्या दरबारी होते, आणि पॅलेस थिएटरही त्यांनीच उभारले. शिकारीचा नाद होता, जनावरांचा लळा होता. वेळेच्या काटेकोर हिशेबनिसाला हा सारा अपव्यय वाटेल. परंतु सोनतळीच्या मुक्कामी किंवा शिकारीच्या छावणीत असतानाही फाटक्या कपड्यांतील शेतकरी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत असे. खडखडा नावाच्या आपल्या गाडीतून जाताना रस्त्यात त्यांना गाठणारे अर्जदार असत. दाद मागण्यासाठी गरिबाला हेलपाटे घालावे लागू नयेत, याची त्यांना काळजी होती. एका हेलपाट्यात मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो, हे राजवाड्यात बसून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या वेळेचे मोल ते जाणून होते, म्हणूनच तो कोठे खर्च करावा हेही त्यांना ठाऊक होते. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला मदत करून कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले. त्याच्या हातचा चहा कोण घेणार? महाराजांनी आपली गाडी त्या दुकानासमोर थांबविली, चहा मागविला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजला. या गोष्टीस काही मिनिटे लागली असतील. अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढणेही त्यांना शक्य होते, आणि पुढे असे हुकूम त्यांनी काढलेही. परंतु छत्रपतींच्या त्या चार मिनिटांनी जे झाले, ते नुसत्या हुकुमाने होण्यास फार वर्षे लागली असती. कोणते काम लेखणीने होते, कोणते दुसऱ्यावर सोपविता येते आणि कोणत्या ठिकाणी आपणच जाऊन उभे राहिले पाहिजे, ही जाण असणे म्हणजेच वेळेचे खरे भान.

रयतेचा वेळ

शाहू महाराजांच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांतील कायदे एकत्र वाचले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांतील कित्येक कायदे गरिबाचा वेळ त्याला परत देणारे आहेत.

महार वतनाची पद्धत पाहावी. जमिनीच्या एका लहानशा तुकड्याच्या बदल्यात महारांच्या साऱ्या कुटुंबाने सरकारची आणि गावाची अष्टौप्रहर चाकरी करावयाची, अशी ती रीत होती. निरोप पोचविणे, सामान वाहणे, येणाऱ्याजाणाऱ्या अधिकाऱ्याची सरबराई करणे, या कामांना वेळ-काळ नव्हता. सकाळी शेतावर निघालेला माणूस दुपारी कोठे असेल, हे त्याचे त्यालाच सांगता येत नसे. १९१८ मध्ये महाराजांनी ही वतने खालसा केली आणि त्या जमिनी महारांच्या नावे रयतावा करून दिल्या. त्याच वर्षी गुन्हेगार ठरविलेल्या जातींच्या लोकांनी रोज चावडीवर हजेरी देण्याची पद्धत बंद झाली. ज्याला रोज चावडीवर उभे राहावे लागते, तो चार कोस दूर कामाला कसा जाणार आणि मानाने पोट कसे भरणार? वेठबिगारीवरही त्यांनी असाच घाव घातला. कुलकर्णी वतने मोडून पगारी तलाठी नेमण्याची व्यवस्थाही याच काळातली. त्यांसाठी तलाठी वर्ग निघाले आणि अस्पृश्य समाजातील तरुणही तलाठी झाले.

स्वतःच्या दिवसाचा आराखडा करण्यासाठी तो दिवस मुळात स्वतःचा असावा लागतो. ज्याचा दिवस जन्मानेच दुसऱ्याच्या मालकीचा झाला आहे, त्याला वेळेच्या सदुपयोगाचा उपदेश करणे ही थट्टा आहे. कष्टकऱ्याला आळशी म्हणण्याची सवय सुखवस्तू समाजाला फार जुनी आहे. त्या कष्टकऱ्याचे तास कोणी बळकावले आहेत, याची चौकशी शाहू महाराजांनी केली.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा याच विचाराचा पुढचा टप्पा होय. १९१७ मध्ये तो मंजूर झाला आणि ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातील चिखली गावी पहिली शाळा उघडून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. शिक्षण मोफत होते, आणि शाळेत जाण्याजोगे मूल घरी ठेवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. गुरे राखण्यात, शेण गोळा करण्यात आणि धाकटी भावंडे सांभाळण्यात जाणारे बालपणीचे तास मुलाच्या स्वतःच्या नावावर जमा करण्याचा तो प्रयत्न होता. गरीब बापाला तो जाचक वाटला असेल. मुलाच्या मजुरीवाचून त्याचे अडत होते. पण त्या मुलाची पुढची पन्नास वर्षे त्या चार-सहा वर्षांवर अवलंबून होती, आणि हा हिशेब कोणीतरी बापाच्या वतीने करणे आवश्यक होते.

दुःखाच्या दिवसांत

हे सर्व ज्या वर्षी चालले होते, त्या १९१८ च्या जून महिन्यात महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघातात गेले. त्यांचे लग्न होऊन फार दिवस लोटले नव्हते. महाराजांच्या मनावर या आघाताचा खोल परिणाम झाला. प्रकृती आधीच साथ देईनाशी झाली होती.

घरात कोवळ्या वयाची विधवा सून होती. त्या काळच्या राजघराण्यातील चालीप्रमाणे इंदुमतीदेवींचे उरलेले आयुष्य पडद्याआड, व्रतवैकल्यांत गेले असते. महाराजांनी सोनतळीच्या बंगल्यावर त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या. पुढे इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापुरातील स्त्रीशिक्षणाच्या कार्यात त्यांनी स्वतः लक्ष घातले. पुत्रशोकाच्या दिवसांत माणसाला कशाचेच भान नसते. त्याही दिवसांत या पित्याने, ज्या मुलीपुढे रिकामी वर्षे पसरली होती तिच्या वर्षांचा विचार केला. संस्थानात जे तत्त्व ते लागू करीत होते, ते त्यांनी घरातही लागू केले.

आयुष्याहून लांब काम

दहा हजार दिवसांत सर्व कामे पुरी होणे शक्य नव्हते. त्यांतले एक तर पुरे होणारच नव्हते, हे बहुधा त्यांनाही दिसत असावे.

दुष्काळाची झळ पाहिलेल्या महाराजांनी सह्याद्रीच्या कुशीत, दाजीपूरजवळ, भोगावती नदीला बांध घालण्याचे ठरविले. १९०९ मध्ये कामाला प्रारंभ झाला. शेजारी वसविलेल्या गावाला त्यांनी आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले. एका लहान संस्थानने स्वतःच्या पैशावर एवढे धरण बांधावयास घेणे हे मोठेच धाडस होते. पैसा कमी पडत गेला, महायुद्ध आले आणि धरण अर्ध्यावर थांबले. महाराज गेले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत काम पुन्हा हाती घेण्यात आले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. अखेर १९५७ मध्ये धरण पूर्ण झाले. प्रारंभापासून पूर्ततेपर्यंत ४८ वर्षे लागली. धरण योजणाऱ्याचे सारे आयुष्यही जवळजवळ तेवढेच होते.

१९०९ मध्ये एखाद्या व्यवहारी सल्लागाराने हिशेब मांडून दाखविला असता, तर हे काम यादीतून खोडावे लागले असते. ज्याचा लाभ आपल्या हयातीत दिसणार नाही, त्यात वेळ आणि पैसा कशासाठी घालावा? परंतु पाया घातला गेला होता म्हणूनच तो कोणाला तरी पुरा करणे भाग पडले. पाऊसकाळात कोल्हापूरकर राधानगरीचे किती दरवाजे उघडले हे वर्तमानपत्रांत वाचतात, आणि उन्हाळ्यात भोगावती-पंचगंगेच्या काठचा ऊस त्याच पाण्यावर उभा असतो.

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच दृष्टी होती. परदेशी शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भेटण्यासाठी ते स्वतः परळच्या चाळीत गेले. मूकनायक पत्राला त्यांनी आर्थिक साहाय्य केले. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे भरलेल्या परिषदेत, तिशीही न गाठलेल्या या तरुणाला अस्पृश्य समाजाचा पुढारी म्हणून त्यांनी जाहीरपणे गौरविले. स्वतःची प्रकृती खालावत असताना आपल्यानंतर हे काम कोण पुढे नेईल, हे ओळखून त्याच्या पाठीवर हात ठेवणे हाही कालनियोजनाचाच भाग आहे. याच जिल्ह्यातील कुंभोजला जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे सातारला काढलेल्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचेच नाव दिले. एका वसतिगृहातून दुसरे निघते आणि माणूस गेल्यावरही त्याचे दिवस संपत नाहीत.

हिशेबाची शिल्लक

छत्रपतींची साधने सामान्य माणसाजवळ नसतात, हे खरे. परंतु प्रत्येकाच्या हाती दुसऱ्या कोणाचा तरी थोडा वेळ असतो, हेही तितकेच खरे. कारकुनाच्या मेजापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा दिवस त्या कारकुनाच्या हाती असतो. उद्या या, असे म्हटले की तो दिवस बुडतो. शिक्षकाच्या एका तासात चाळीस मुलांचे चाळीस तास सामावलेले असतात. विद्यार्थ्याची आजची वर्षे आईवडिलांनी आपल्या कष्टांचे तास घालून त्याच्यासाठी मोकळी केलेली असतात. वेळेचा प्रश्न हा प्रत्येकाचा खाजगी प्रश्न आहे, असे मानले की तो कधी सुटत नाही. कारण एकाचा वाचलेला वेळ पुष्कळदा दुसऱ्याकडून हिरावलेला असतो.

शाहू महाराजांनी एक गाठ निवडली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. अपमान, शोक आणि आजार यांनी त्यांचे दिवस कमी केले. दिशा बदलली नाही. जे दुसऱ्यावर सोपविता येईल ते सोपविले, जे सोपविले त्याची तीन महिन्यांनी विचारणा केली, आणि जे आपल्यानंतरच पुरे होईल त्याचा पाया आपल्या हाताने घातला. त्यांच्या दहा हजार दिवसांतले किती तास राजवाड्यात गेले, किती मैदानावर आणि किती शिकारीत, याचा हिशेब आज कोणी विचारीत नाही. त्या दिवसांतून किती जणांना स्वतःचे दिवस मिळाले, हा हिशेब मात्र अजून चालूच आहे. चिखलीच्या शाळेत १९१८ मध्ये ज्या मुलाने पहिल्यांदा पाटी हाती घेतली, त्याची नातवंडे-पतवंडे आज कोठल्या तरी शाळेत, कचेरीत, इस्पितळात काम करीत असतील. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या दिवसाचा एक छोटासा अंश त्या हिशेबात जमेच्या बाजूला पडत आहे.